आ करा, ठकूबाई!

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड राखत बसलो होतो.

"काका, यंदाच्या दिवाळी अंकात एक विभाग करतोय. 'माझी व्यक्तिस्वातंत्र्याची कल्पना घडवणारे विचारवंत'. तुम्ही लिहायचं."

"अरे बाबा, मी आरोग्य सेवक होतो. जुन्नर आणि आंबेगाव मिळून चौतीस वर्षं लोकांना नको असलेल्या वस्तू त्यांच्या गळ्याखाली उतरवल्या. माझ्या वाट्याला कुठला विचारवंत?"

"म्हणूनच," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तेवढ्या वेळात कावळ्यानं दोन पापड नेले. म्हणजे या लेखाची सुरुवातच नुकसानीत झालेली आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

या विभागात बाकीचे लिहितील ती शिकलेली माणसं. त्यांचे विचारवंत दाढीवाले, परदेशी आणि सोयीस्करपणे मेलेले असणार. मेलेला विचारवंत फार बरा. तो उलट उत्तर देत नाही, दाराला कडी लावून बसत नाही. माझे तिघंही जिवंत भेटले. एक कडुलिंबाच्या झाडावर बसलेला, एक विहिरीच्या कठड्यावर, आणि तिसरी माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलेली. तिघांनी मिळून आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही. पण मला असं पिडलं, असं पिडलं, की माझे केस पिकले ते वयानं नव्हे, यांच्या तत्त्वज्ञानानं.

आधी आमचा धंदा सांगतो. आरोग्य सेवक म्हणजे डॉक्टर नव्हे. पण गावात त्याला 'डाक्टर'च म्हणतात, कारण हातात पेटी असते आणि तोंडात उपदेश. ताप आलेल्याच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. विहिरीत जंतू मारायची पावडर टाकायची. डबक्यात गप्पी मासे सोडायचे. शाळेत जाऊन तंबाखूनं सडलेल्या जबड्याची चित्रं दाखवायची. लस द्यायला सिस्टर आल्या की पळालेली पोरं बाजरीतून हुडकून आणायची. थोडक्यात, टोचायचं, ओतायचं, पाजायचं आणि वर म्हणायचं, "तुमच्याच भल्याचं आहे." हे वाक्य मी नोकरीत कमीत कमी नऊ लाख वेळा म्हटलं असेन. ते ऐकून एकही माणूस खूश झालेला मी पाहिला नाही.

पहिला विचारवंत जुन्नरकडच्या आणे पठारावरचा. तिथला वारा असा, की माझी टोपी एकदा उडाली ती पलीकडे पारनेर तालुक्यात सापडली, आणि तिथल्या आरोग्य सेवकानं ती रिटायर होईपर्यंत वापरली. तर तिथल्या गणपत आबांना ताप होता. तापात माणूस अंथरुणावर असतो. आबा मला बघून लिंबावर चढले.

"आबा, खाली या. एक थेंब रक्त पाहिजे."

"ताप कुनाचा?"

"तुमचा."

"रगात कुनाचं?"

"तुमचंच."

"मंग तुमी कोन?"

या प्रश्नाला आमच्या ट्रेनिंगमध्ये उत्तर नव्हतं. मी सूर्य डोक्यावर येईस्तोवर बुंध्याशी बसलो. त्यांच्या बायकोनं दोरीला टोपलं बांधून भाकरी वर पाठवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमाला बी आनू का? ह्यो काय दिवाळीपतूर उतरत न्हाई." शेवटी आबाच वरून ओरडले, "ती काच द्या टोपल्यात घालून!" मी दिली. त्यांनी खिशातून बाभळीचा काटा काढून बोट टोचलं, माझ्या सूचनेप्रमाणे काचेवर थेंब घेतला आणि टोपलं खाली सोडलं.

"ही घ्या. तुमी घेतलं न्हाई, मी दिलं. ध्यानात ऱ्हाऊ द्या."

ध्यानात राहिलं. काय करता? घेणं आणि देणं यातला फरक शिकायला लोक कॉलेजात जातात. मला तो टोपल्यातून आला, चटणीचा डाग लागून.

दुसरा विचारवंत अवसरी बुद्रुकचा बागायतदार. याचं नाव सांगत नाही, कारण तो अजून मला लग्नपत्रिका पाठवतो. गावात जुलाबाची साथ होती. त्याच्या विहिरीचं पाणी त्याचे मजूर पीत होते, आणि तो कठड्यावर बसून मला सांगत होता, "विहीर माजी, पानी माजं. माज्या पान्यात पावडर टाकायची न्हाई. चव जाती राव!" स्वतः मात्र तालुक्याहून आणलेल्या बाटलीबंद पाण्यानं गुळण्या करत होता. स्वातंत्र्य म्हटलं की मला हा माणूसही आठवतो, काय करू? मी त्याला चहा करायला घरात पाठवलं आणि सगळी पावडर विहिरीत ओतली. त्याची कधी माफी मागितली नाही, मागणारही नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "डाक्टर, पान्याला वास मारतोय." मी म्हणालो, "कांदा काढणी चालू आहे ना तुमची? त्याचाच असणार." तोही म्हणाला, "असंल."

पण हे दोघं म्हणजे चहाआधीचं पाणी. खरी जिनं माझ्यावर नोकरीतून उठायची वेळ आणली, ती ठकूबाई.

शिनोलीहून भीमाशंकरच्या दिशेनं थोडं पुढं गेलं, की रस्ता सोडून डोंगराला चढायचं. चढण अशी, की मी वर पोचेपर्यंत माझी सावली खालीच बसून बिडी ओढत असायची. वर चार-पाच घरांची वस्ती आणि टोकाला ठकूबाईचं घर. वय पंचावन्नच्या आसपास. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब दिलेली. भाताची दोन खाचरं, उतारावर नाचणी-वरई. उन्हाळ्याच्या तोंडाशी रानातला हिरडा गोळा करून वाळवायचा आणि घोडेगावच्या बाजारात विकायचा, असा तिचा संसार. महिनाभर खोकला थांबेना म्हणून मी तिची थुंकी तपासायला पाठवली. टीबी निघाला.

आता पद्धत बदललीय, पण तेव्हाची अशी होती. रुग्णाच्या नावाचा औषधांचा डबा यायचा. पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा आमच्या डोळ्यांदेखत सात गोळ्या गिळायच्या. मग रुग्णानं आ करायचा, जीभ उचलायची, आम्ही आत डोकावायचं आणि कार्डावर खूण करायची. कारण काही लोक गोळ्या गालात ठेवतात आणि आमची पाठ वळली की थुंकतात. मध्येच औषध सोडलं की टीबी शिरजोर होतो. मग त्या गोळ्या त्याला लागू पडत नाहीत, तो त्या माणसालाही नेतो आणि जाता जाता शेजाऱ्याच्या घरीही डोकावतो.

हे सगळं मी ठकूबाईला समजावून सांगितलं. तिनं गोळ्या हातात घेतल्या.

"गिळती मी."

"गिळल्या की आ करून दाखवायचं."

"आ न्हाई करनार."

"का?"

"न्हाई करनार म्हंजे न्हाई. तोंड माजं हाय. भाकरीला उगडीन, बोलायला उगडीन. दाकवायला न्हाई उगडनार."

"ठकूबाई, तुमच्या खोकल्यानं दुसऱ्याला लागण होईल. हा काही तुमचा एकटीचा प्रश्न नाही."

"ते कळतं की मला. तोंड माजं, पन खोकला समद्या गावाचा. म्हनून तर गिळती! न्हाईतर ह्या बोराएवड्या गोळ्या कोन गिळंल? बाजारात जाते तवा पदर लावती तोंडाला. ते बगितलं का कुनी? न्हाई. आ करा म्हनं!"

तोंड माझं, खोकला गावाचा. अवसरीच्या बागायतदाराला हे वाक्य गोंदवून द्यायला हवं होतं. पण मी तेव्हा कौतुक करायच्या मनःस्थितीत नव्हतो. डोंगर चढून आलेल्या माणसाला तत्त्वज्ञान पचत नाही. मी हुकमाचं पान टाकलं. या गोळ्यांनी लघवी लालसर होते. मी म्हणालो, "बरं, तोंड राहू दे. लघवी दाखवली तरी मला गोळ्या घेतल्याचं कळेल."

ठकूबाईनं विळा उचलला.

"तोंड झालं, आता मुतन्यावर आला व्हय रं?"

मी उतार किती वेळात उतरलो ते विचारू नका. वाटेत एक ससा मागे टाकला.

दोन दिवसांनी मी पुन्हा वर गेलो. जावंच लागतं, रोग काही रुसवा धरून बसत नाही. या खेपेला ठकूबाईनं स्वतःच तोडगा काढून ठेवला होता. तिनं गोळ्या घेतल्या, माझ्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं. घटाघटा पाण्याचा आवाज आला. आणि मग, देवाशप्पथ, पाठमोऱ्या ठकूबाईनं श्वास न घेता मला जे झोडपलं!

"मुडद्या, तुज्या पेटीला वाळवी लागो, तुज्या सायबाच्या फटफटीला घोरपड आडवी जावो, तुजं कार्ड शेळी खावो, तुला म्हातारपनी सुनंच्या हातचं बिनमिठाचं मिळो..."

थांबल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तोंडात गोळ्या असत्या, तर एवढं बोलता आलं असतं का? करा खून कार्डावर."

मी विचार केला. खिशातले खडीसाखरेचे दोन खडे तोंडात टाकून एक शिवी देऊन पाहिली. खरंच येत नव्हती. मी कार्डावर खूण केली.

तेव्हापासून आमचं हेच चालू झालं. आठवड्यातून तीनदा मी डोंगर चढायचो, ठकूबाई भिंतीला तोंड करून गोळ्या घ्यायची आणि मग माझा उद्धार करायची. प्रत्येक वेळी नवी शिवी. जुनी दिली तर डोस मोजायचा नाही, अशी अट तिनंच घातली होती. शेजारणी पाण्याचे हंडे खाली ठेवून ऐकायला यायच्या. एक म्हणायची, "आज लई गोड बोलली, गोळी आडाकली वाटतं." महिन्याभरात ठकूबाईच्या अंगावर मांस आलं, खोकला निम्म्यावर आला. माझ्या घराण्याची सात पिढ्यांची अब्रू गेली, पण औषध लागू पडत होतं.

मग आमचे सुपरवायझर साहेब एक दिवस अचानक आले. नियमानं चालणारा माणूस, वाईट नव्हता. धापा टाकत वर चढले, ओट्यावर बसले. ठकूबाईनं नेहमीसारखी पाठ केली, गोळ्या घेतल्या आणि पाहुणे आलेत म्हणून त्या दिवशी शिव्या जरा जास्तच रंगवल्या. दोन साहेबांना पण वाढल्या.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "हे काय आहे? डोस डोळ्यांनी पाहिला का तुम्ही?"

"कानांनी पाहिला, साहेब."

"चेष्टा करताय? तोंड तपासा. आत्ता. माझ्यासमोर."

इथं मी काय करायला हवं होतं, ते आज गच्चीवर बसून मला छान कळतं. तेव्हा माझी बदली डोक्यावर लटकत होती. मी पुढं झालो आणि आवाज चढवून म्हणालो, "आ करा, ठकूबाई!"

तिनं माझ्याकडे बघितलं. साहेबांकडे नाही, माझ्याकडे. आणि आ केला. जीभ उचलली. मी आत डोकावलो. रिकामं होतं. साहेबांनीही पाहिलं, "ठीक आहे" म्हणाले. ठकूबाईनं तोंड मिटलं, आत गेली आणि कडी लावली. त्या दिवशी मी निघताना मला एकही शिवी मिळाली नाही. उतरायला मला चढण्याइतकाच वेळ लागला, आणि यात अतिशयोक्ती नाही.

पुढच्या खेपेला दार बंद. शेजारीण म्हणाली, "हिरड्याला गेलीया." त्याच्या पुढच्या खेपेला पण हिरडा. तिसऱ्यांदा दाराला आतून कडी होती आणि आतून खोकला येत होता. हिरडा काही खोकत नाही. मी हाका मारल्या, दार वाजवलं, चौथ्या खेपेला पायरीवर बसून राहिलो. पाचव्या खेपेला कार्डावर ओळीनं पाच घरं रिकामी होती आणि माझा संयम संपला. मी बंद दारावर ओरडलो,

"मराल! कळतंय का? बाई, निम्म्यात सोडलेला टीबी राक्षस होऊन परत येतो! मी काय हौसेनं डोंगर चढतो? तुमच्याच भल्याचं आहे हे!"

आतून खोकल्याची एक लांब उबळ आली. मग तिचा आवाज.

"सासू बी हेच म्हनायची."

मी दारावरचा हात खाली घेतला.

"बारा वर्साची व्हते लगीन झालं तवा. भात कांडताना दाना तोंडात टाकला का बगायला रोज आ करायला लावायची. बोट घालून बगायची गालात. चोरटी ऱ्हाशील तर नांदनार न्हाईस, तुज्याच भल्याचं हाय, म्हनायची. लेक झाली, तिचं लगीन ठरलं, तरी आ करतेच हाय मी. सासू मेली तवा समद्या रडल्या. मी न्हाई रडले. म्हनलं, आजपासनं माजं तोंड माजं." थोडं थांबून म्हणाली, "आन तुमी सायबापुडं म्हनला, आ करा."

चौतीस वर्षांत मला पुष्कळ लोक बोलले. कुत्री सोडली, एकदा मधाचं पोळं पण अंगावर आलं. पण एवढं कुणाचं लागलं नव्हतं. मी दाराला म्हणालो, "ठकूबाई, चुकलं माझं."

कडी निघाली. ती उंबऱ्यात उभी. परत वाळली होती.

"नुसतं चुकलं म्हनू नका. आत या. बसा हितं." मी बसलो. "आता तुमी आ करा."

"मी? मी कशाला?"

"करा म्हनते ना! कसं वाटतं ते बगा."

आता वाचकहो, एक गोष्ट मी इतका वेळ सांगितली नाही. माझ्या डाव्या गालात त्या क्षणी तंबाखूचा बार होता. वीस वर्षांपासून असायचा. शाळेत सडक्या जबड्याची चित्रं दाखवतानासुद्धा असायचा. लपवायची कला अशी साधली होती, की माझ्या बायकोलाही पत्ता नव्हता, निदान तसं ती दाखवत होती.

मी आ केला. ठकूबाई वाकून आत बघू लागली. फार वेळ बघत राहिली. तेवढ्यात मला कळून चुकलं, की दुसऱ्याचा डोळा आपल्या तोंडात शिरतो तेव्हा माणूस केवढा होतो. भाताच्या दाण्याएवढा.

"अगं बया!" ती ओरडली. "आवं या गं समद्या! आरोग्य खातं बगा!"

शेजारणी आल्या. त्यांनीही बघितलं. एक म्हणाली, "मला वाटलं दाढ सुजलीया ह्यांची!" ठकूबाई इतकी हसली, इतकी हसली, की उबळ आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. मग हात पुढं केला.

"द्या त्या गोळ्या."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मीही न सांगता पाठ फिरवली. घटाघटा आवाज आला आणि मग पाच खेपांची थकबाकी एकदम बाहेर पडली. आजवर माझा एवढा सुंदर सत्कार झालेला नाही.

चुकलेले डोस वाढवून औषध पुढं चालू केलं. कार्डावर मी लिहिलं, 'डोस समक्ष. खात्री आवाजावरून.' त्याबद्दल साहेबांनी मला मेमो दिला. तो मी जपून ठेवलाय. सगळं औषध पुरं झालं, थुंकी तपासली, टीबी गेला होता. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "आता शिव्या बंद का?" तर म्हणाली, "सवय झाली. कवाबी या."

हा लेख खरं तर इथं संपायला हवा होता. संपादकांना असंच वाटत असणार. पण ठकूबाई माणसाला सुखानं संपू देत नाही.

गेल्या वर्षी घोडेगावच्या बाजारात भेटली. आता सत्तरीकडे आलीय, डोक्यावर पाटी, चालणं माझ्यापेक्षा खडखडीत. मी रिटायर झालेलो, हातात पिशवी, गालात बार. होय, अजून होता. त्या दिवसानंतर तीनदा सोडला आणि चारदा धरला, हिशेब तुम्हीच करा.

"डाक्टर! बरं हाय ना? तंबाकू सुटली का?"

मी बार जिभेनं मागं ढकलला आणि म्हणालो, "सुटली की. कधीच."

म्हटलं, आता म्हणणार, आ करा. तयारीत होतो. पस्तीस वर्षांचा लपवायचा अनुभव होता, गालाच्या मागच्या कोपऱ्यात एक जागा आहे, तिथं तालुक्याच्या दंतवैद्यालाही सापडणार नाही. बघ म्हणावं, बाई, बघ.

ठकूबाई नुसती हसली. "सुटली म्हनता, तर सुटली. मी कशाला बगू? तुमचं तोंड तुमचं." आणि पाटी सावरून गर्दीत निघूनही गेली.

आता याला काय म्हणायचं? बायकोनं खिसे तपासले, तिला मी पुरून उरलो. साहेबांनी मेमो दिला, त्यांना पुरून उरलो. या बाईनं तपासायलाच नकार दिला! मी एसटी स्टँडच्या मागं गेलो, बार थुंकला आणि पुडी गटारात टाकली. तेव्हापासून हात लावलेला नाही. इतका राग आलाय मला तिचा, की हात लावताच येत नाही. पुडी बघितली की ती पाटी घेऊन समोर उभी राहते आणि काहीही विचारत नाही.

हे लिहिताना माझ्या गालात लवंग आहे. लवंगच आहे. आ करून मात्र दाखवणार नाही.